आरोग्य-पृच्छा : वजनाचा काटा आणि स्वादुपिंड

या वेळच्या टपालात इंदूरहून आलेली पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत : शरीराचे वजन आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर. इंदूरच्या दवाखान्यांत ज्याला हिंदीतून अग्न्याशय म्हणतात आणि तपासणीच्या रिपोर्टवर पॅन्क्रियास असे लिहिलेले असते, तेच आपले स्वादुपिंड. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. शेवटच्या पत्राचे उत्तर छपाईची वाट न पाहता दूरध्वनीवरून दिलेले आहे. तरीही ते येथे सविस्तर देत आहे, कारण तो प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो.

रामबाग, इंदूर

*प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. आमचे मोठे काका गेल्या श्रावणात स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. निदान झाल्यापासून जेमतेम पाच महिने मिळाले. ते पहिल्यापासून स्थूल होते. भेटायला आलेले नातेवाईक काकूंसमोरच म्हणाले, की अंग इतके सुटले होते म्हणूनच हे झाले. माझे वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. असा संबंध खरोखर आहे का? असल्यास किती? आणि आता वजन उतरवले तर उपयोग होईल का?*

उत्तर : आपल्या काकांविषयी वाचून वाईट वाटले. आधी नातेवाइकांच्या त्या वाक्याबद्दल लिहितो, कारण ते काकूंच्या मनात घर करून बसले असेल. अमुक एका माणसाला हा आजार त्याच्या वजनामुळेच झाला, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. स्थूल असलेल्या बहुसंख्य लोकांना हा कॅन्सर कधीच होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकी कित्येक जण जन्मभर सडपातळ असतात. काकांनी तो ओढवून घेतला असे कोणी सुचवत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. काकूंना हे कृपया वाचून दाखवावे.

लाखो माणसांच्या समूहाचा विचार केला, तर मात्र संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लियों येथे आहे. तिच्या तज्ज्ञगटाने २०१६ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की शरीरात जादा चरबी नसणे हे १३ प्रकारच्या कॅन्सरपासून काही अंशी संरक्षण देते, आणि त्या तेरांत स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. योग्य वजनाच्या लोकांना असलेला धोका १ मानला, तर अतिस्थूल लोकांचा धोका सुमारे दीड भरतो. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१२ सालच्या अहवालानुसार बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा (बीएमआय), दर ५ अंकांनी वाढला की हा धोका साधारण १० टक्क्यांनी वाढतो. आपल्या उंचीच्या माणसाच्या बाबतीत ५ अंक म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. आपला बीएमआय ३१ च्या आसपास येतो, आणि भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन व २५ च्या पुढे स्थूलता धरतात.

आता दीडपट कशाची, हे पाहणे गरजेचे आहे, कारण नुसती पट सांगितली की माणूस घाबरतो. भारतात वयाचा फरक जमेस धरून हा आजार वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एकाला होतो, तर उत्तर अमेरिकेत त्याच्या सात-आठपट लोकांना. वयाबरोबर धोका वाढतो आणि बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात, तरीही दीडपट केल्यावर तो लहानच राहतो. ज्या आजारांमुळे आपल्याला खरोखर वजनाची चिंता करावी लागते ते म्हणजे मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात. मग स्वादुपिंडाची इतकी चर्चा का? कारण हा कॅन्सर झाल्यावर हाती फार थोडे उरते. २०२२ साली जगात सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना तो झाला आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावले. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण शंभरात पंधरा-वीसच असतात. त्यामुळे जे धोके आपल्या हातात आहेत, तेवढे तरी कमी करावेत असे डॉक्टरांना वाटते.

वजनाचा परिणाम या ग्रंथीवर का व्हावा, हे समजून घेण्यासारखे आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. या भागात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात आणि ती इन्सुलिन तयार करतात. संपूर्ण ग्रंथीत या बेटांचा वाटा एक-दोन टक्केच असतो. पोटात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, आणि साखर ताब्यात ठेवण्यासाठी बेटांना पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन सोडावे लागते. हे इन्सुलिन सर्व शरीरात पसरण्याआधी शेजारच्याच पाचकरसाच्या पेशींना भेटते, आणि तेही रक्तातल्या प्रमाणापेक्षा पुष्कळ दाट स्वरूपात. इन्सुलिन पेशींना वाढीचाही संदेश देते. वर्षानुवर्षे तो संदेश गरजेपेक्षा मोठ्याने मिळत राहणे, हे एक कारण मानले जाते. दुसरे कारण असे, की चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि काही चरबी खुद्द स्वादुपिंडातही शिरते. वाढत्या वयात अनेकांच्या स्वादुपिंडात सूक्ष्म बिघाड झालेल्या पेशी असतात. त्या बहुधा तशाच निपचित राहतात. स्थूलतेमुळे त्यांपैकी एखादीला पुढे सरकण्यास अनुकूल परिस्थिती मिळत असावी, असा सध्याचा समज आहे आणि उंदरांवरील प्रयोगांनी त्याला आधार दिला आहे.

वजन उतरवण्याचा उपयोग होतो का, याचे या एका कॅन्सरपुरते स्वच्छ उत्तर देण्याइतका पुरावा मिळणे कठीण असते, कारण आजार विरळ आहे आणि तो घडायला दशके लागतात. स्थूलतेशी निगडित कॅन्सर एकत्र धरले, तर मात्र चित्र आशादायक आहे. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १० वर्षांत २.९ टक्के लोकांना असे कॅन्सर झाले, आणि शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच स्थूल लोकांत हे प्रमाण ४.९ टक्के होते. आपल्याला शस्त्रक्रिया सुचवण्यासाठी मी हे लिहीत नाही. उतरलेल्या वजनाची शरीर दखल घेते, एवढेच त्यातून समजावे.

आपण सिगारेट किंवा बिडी ओढत असाल, तर आधी ती सोडावी. धूम्रपानाने या कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट होतो, म्हणजे वजनापेक्षा जास्त. सोडल्यानंतर तो हळूहळू उतरतो आणि दहा ते वीस वर्षांत कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो.

लोकमान्यनगर, इंदूर

*प्रश्न : मा. डॉक्टरसाहेब, माझी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो आहे. बीएमआय २२ येतो, म्हणजे मी सुरक्षित आहे असे मी समजतो. पण हात-पाय बारीक आणि पोट पुढे, अशी माझी ठेवण आहे. आमची सौभाग्यवती म्हणते की तुमचा हिशेब चुकतो आहे. कोणाचे बरोबर?*

उत्तर : वहिनींचे बरोबर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले एक छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मोजल्यावर मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे असलेले दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे दाखवण्यासाठी एका मराठी डॉक्टरांनी स्वतःचेच शरीर उदाहरण म्हणून पुढे केले, याचे मला फार मोल वाटते. आशियातील लोकांवर झालेल्या काही अभ्यासांत बीएमआय आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर यांचा संबंध पाश्चात्त्य देशांइतका ठळक दिसला नाही. बीएमआय आपली चरबी नीट पकडत नाही, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

म्हणून कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. आधी उल्लेखिलेल्या २०१२ च्या अहवालात कंबरेचा घेर दर १० सेंटिमीटरने वाढल्यास स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो असे दिले आहे. पॅन्टच्या मापावर विसंबू नये, कारण पोट सुटलेले बहुतेक पुरुष पॅन्ट पोटाच्या खाली नेसतात आणि दुकानात वर्षानुवर्षे ३४ चेच माप सांगतात. शिंप्याची टेप घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, नुसत्या अंगावर, श्वास सहज सोडल्यानंतर माप घ्यावे. पोट आत ओढू नये. माप वहिनींनी घेतले तर अधिक विश्वासार्ह ठरेल.

तिलकनगर, इंदूर

*प्रश्न : एका प्रयोगशाळेच्या आरोग्य-पॅकेजमध्ये सीए १९-९ नावाची रक्ततपासणी आहे. तिने स्वादुपिंडाचा कॅन्सर आधी कळतो असे सांगतात. माझे वजन जास्त आहे. दरवर्षी करावी का?*

उत्तर : करू नये. ही तपासणी निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी आहे. पित्तखड्यांमुळे झालेली कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज यांतही तिचा आकडा वाढतो, आणि शंभरातील पाच-दहा जणांच्या शरीरात हे द्रव्य तयारच होत नसल्यामुळे त्यांना कॅन्सर असूनही आकडा वाढत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१९ साली कोणतेही लक्षण नसलेल्या सर्वसाधारण व्यक्तींची या कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस पुन्हा केली. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात दोन किंवा अधिक जणांना हा आजार झाला आहे, किंवा बीआरसीए-२ सारखा जनुकीय दोष आढळला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांशी बोलून एमआरआय आणि एंडोस्कोपीतून केली जाणारी सोनोग्राफी यांविषयी ठरवावे. स्थूलता हे एकटे कारण त्यासाठी पुरत नाही.

सुखलिया, इंदूर

*प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा मुलगा १६ वर्षांचा असून त्याचे वजन ९२ किलो आहे. सकाळी सहाला कोचिंग, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. क्लासच्या बाहेर मित्रांबरोबर पोहे-जिलबी किंवा कचोरी होते, आणि शनिवारी रात्री सगळे सराफ्यातल्या खाऊगल्लीत जातात. त्याच्या आजी म्हणतात, वाढते वय आहे, आपोआप उतरेल. लहानपणच्या वजनाचा पुढे कॅन्सरशी संबंध असतो असे मी ऐकले आणि झोप उडाली.*

उत्तर : आपण जे ऐकले त्याला आधार आहे, पण झोप उडण्याइतका नाही. इस्रायलमध्ये लष्करी भरतीपूर्वी तरुणांची तपासणी होते. १९६७ ते २००२ या काळात अशी तपासणी झालेल्या सुमारे १८ लाख मुलामुलींची माहिती पुढे कॅन्सरच्या राष्ट्रीय नोंदीशी जुळवून पाहिली गेली. १६ ते १९ या वयात स्थूल असलेल्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका योग्य वजनाच्या मुलांच्या तुलनेत जवळपास चौपट आढळला. याच अभ्यासाची दुसरी बाजूही पाहावी : त्या १८ लाखांपैकी, मध्यम हिशेबाने २३ वर्षांच्या काळात, एकूण ५५१ जणांना हा आजार झाला. अमेरिकेतील २००९ सालच्या एका अभ्यासात रुग्णांना तरुणपणापासूनचे वजन विचारले गेले. ज्यांचे वजन नेहमी योग्य होते त्यांना हा कॅन्सर सरासरी ६४ व्या वर्षी झाला, जादा वजनाच्यांना ६१ व्या आणि स्थूल असलेल्यांना ५९ व्या. वजन किती आहे याच्याइतकेच ते किती वर्षे अंगावर वागवले, हेही महत्त्वाचे आहे, असा मी याचा अर्थ लावतो.

आजींचे म्हणणे प्रेमाचे असले तरी या वयातील इतके वजन बहुधा आपोआप उतरत नाही. पण मुलापुढे कॅन्सर हा शब्द मुळीच काढू नये. भीतीने वजन उतरत नाही, लपून खाणे मात्र वाढते. त्याला इतरांसमोर काट्यावर उभे करू नये आणि पाहुण्यांसमोर त्याच्या अंगाची चर्चा कोणालाही करू देऊ नये, आजींनाही नाही.

घरात जे बदलाल ते सर्वांसाठी बदलावे. पोह्यांना माझा विरोध नाही, ते माळव्यातले सकाळचे अन्न आहे. पण त्यावरची मूठभर शेव, शेजारची जिलबी आणि नंतरचा गोड चहा हे तिन्ही रोज असतील, तर दुपारच्या जेवणाइतकी ऊर्जा सकाळी सातलाच पोटात जाते. घरून शेंगदाणे-मटार घालून केलेले पोहे किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ डब्यात द्यावी. सराफा महिन्यातून एकदा असावा, आणि त्या दिवशी त्याला काही म्हणू नये. मला त्याच्या दिनक्रमात अधिक खटकते ते हे, की पहाटेपासून रात्रीपर्यंत हा मुलगा बसलेला आहे आणि त्याची झोप अपुरी आहे. एक क्लास कमी करता आला तर तो तास मैदानावर जावा, असे मी आग्रहाने सुचवतो. अशा मुलाच्या बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि यकृताच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात, कारण या वयात स्थूलतेचे पहिले ओझे तेथे दिसते.

सुदामानगर, इंदूर

*प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंचे वय ६३ आहे. त्यांना मधुमेह कधीच नव्हता, घराण्यातही कोणाला नाही. दिवाळीनंतर तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून चार महिन्यांत त्यांचे वजन ७१ किलोवरून ६३ वर आले. महिला मंडळात सगळ्या जणी त्यांचे कौतुक करतात. त्या म्हणतात की मी काहीच केले नाही, भूकच लागत नाही. अधूनमधून पाठ दुखते, ती बहुधा जुनीच आहे. वजन कमी झाल्याने धोका कमी झाला, असे समजावे ना?*

उत्तर : नाही, तसे समजू नये. दूरध्वनीवर सांगितले तेच येथे कारणांसह लिहितो.

वर्षानुवर्षे चढत गेलेले वजन हा या आजाराचा धोका आहे, आणि प्रयत्नाशिवाय उतरलेले वजन हे त्याचे लक्षण असू शकते. निदान होण्याच्या पुष्कळ महिने आधीपासून रुग्णाचे वजन घटू लागते. म्हणूनच चांगल्या अभ्यासांत पहिल्या काही वर्षांतले रुग्ण हिशेबातून वगळतात. तसे केले नाही, तर आजाराने बारीक झालेली माणसे मुळातच बारीक होती असे दिसेल आणि स्थूलतेचा धोका झाकला जाईल.

मधुमेहाचेही असेच दुहेरी आहे. जुना मधुमेह हा या कॅन्सरचा धोका दीड ते दोन पटींनी वाढवतो. पण कधीकधी क्रम उलटा असतो : स्वादुपिंडात गाठ आधी तयार होते आणि तिच्यामुळे साखर बिघडते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या लोकांपैकी सुमारे एक टक्का लोकांत पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर आढळतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. म्हणजे शंभरातील नव्व्याण्णवांना तो नसतो, हे आधी मनात ठेवावे. मात्र नेहमीच्या मधुमेहात साखर वाढण्याआधी वजन बहुधा वाढलेले असते. साखर नवी, वय साठीच्या पुढे, घराण्यात कोणाला नाही, भूक मेलेली आणि वजन आठ किलोंनी खाली, हे सारे एकत्र आले की तो एक टक्का राहत नाही आणि तपासणी लांबवता येत नाही.

दुसरी कारणेही शक्य आहेत आणि ती अधिक सामान्य आहेत. ताब्यात नसलेल्या साखरेनेच वजन उतरते. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी काहींची भूक जाते. थायरॉईडचा दोष, क्षयरोग आणि मनाची उदासी हीसुद्धा पाहावी लागतात. डॉक्टरांनी हे सर्व तपासावे, पण स्वादुपिंडाचे चित्र त्याच आठवड्यात घ्यावे, बाकीची कारणे एकेक करून संपल्यानंतर नव्हे. साध्या सोनोग्राफीवर समाधान मानू नये. स्वादुपिंड आतड्यांच्या मागे असते, आणि आतड्यातील वायू व पोटाची चरबी यांमुळे त्याचा काही भाग सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. स्वादुपिंडासाठी विशेष पद्धतीने, शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन ही योग्य तपासणी आहे. त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि मेटफॉर्मिन चालू असल्यास ते स्कॅन करणाऱ्यांना सांगावे.

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज सुटणे, शौचास पांढरट किंवा तेलकट होणे, जेवल्यावर किंवा आडवे पडल्यावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर हलकी होणारी पोट-पाठदुखी, यांपैकी काहीही दिसल्यास एक दिवसही थांबू नये. पाठदुखी जुनीच आहे असे गृहीत धरू नका. ती रात्री वाढते का, हे सासूबाईंना शांतपणे विचारा.

हे मी इतक्या कळकळीने लिहितो, त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका गृहस्थांचे वजन सहा किलोंनी उतरलेले पाहून मी त्यांची पाठ थोपटली होती. त्यांची साखर नुकतीच निघाली होती आणि मी वजन उतरल्याचे श्रेय त्यांच्या पथ्याला दिले होते. तीन महिन्यांनी ते कावीळ घेऊन आले. तेव्हापासून वजन उतरलेल्या प्रत्येक रुग्णाला मी प्रथम विचारतो की आपण त्यासाठी काय केले, आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर अभिनंदन करत नाही.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन-तीन वर्षांत जेथे जेथे वजनाची नोंद झाली असेल ते कागद सोबत न्या : जुनी औषधपत्रे, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, विम्याची कागदपत्रे. ७१ किलो नेमके कधी होते आणि उतरण कोणत्या महिन्यात सुरू झाली, हे त्यावरून ठरेल. साखर पहिल्यांदा कोणत्या तारखेला वाढलेली निघाली तेही लिहून न्या. सासूबाईंच्या साड्यांचे ब्लाउज कधीपासून सैल होऊ लागले, हेही त्यांना विचारावे. पुष्कळदा स्त्रियांना तो महिना अचूक आठवतो.